पढवणं आणि माणसाळणं

स्थळ: उलव्यातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट. वेळ: मार्च २०२५ मधली एक रविवार सकाळ. पात्रं: मी, बग्या आणि पाचव्या मजल्यावरचा दुसरीतला एक मुलगा.

बग्या म्हणजे आमचं कुत्रं. जात: अस्सल उलवे गावठी. वय तेव्हा नऊ महिने. (नाव 'बग' वरून. आईला फोनवर ते 'वाघ्या' ऐकू आलं, आणि खंडोबाचं नाव ठेवलं म्हणून ती खूश झाली. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.) शिक्षण: बेसिक ओबीडियन्सचा आठ आठवड्यांचा कोर्स, डिस्टिंक्शनसह. सिट, डाउन, स्टे, शेकहँड, सगळं यायचं. सर्टिफिकेट फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं होतं. माझं इंजिनियरिंगचं सर्टिफिकेट कुठे आहे ते मला आठवत नाही.

तर, लिफ्ट पाचव्यावर थांबली. दार उघडलं. मुलगा आत आला. डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट, हातात बॅट. बग्याची शेपटी पायात गेलेली मी पाहिली आणि ट्रेनरने शिकवल्याप्रमाणे ठाम आवाजात म्हणालो, "सिट." बग्या बसला. अगदी व्यवस्थित बसला, आणि बसल्या बसल्या त्याने त्या पोराचं मनगट धरलं.

जखम नखाएवढी होती. पण कुत्रं चावलं म्हणजे चावलं. मग दवाखाना, इंजेक्शनांचं वेळापत्रक, मुलाच्या आईची नजर (तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं), आणि चौथ्या दिवशी सोसायटीचं पत्र: एका महिन्यात कुत्र्याची अन्यत्र सोय करावी. सोसायटीला असं फर्मान काढता येत नाही हे मला नंतर कळलं. पण त्या वेळी कायदा आठवायच्या मनःस्थितीत मी नव्हतो, कारण चूक आमचीच होती. फक्त नेमकी कुठे, ते कळत नव्हतं. लसी सगळ्या दिल्या होत्या, क्लास लावला होता, पैसे भरले होते. प्रोसेस पाळूनही प्रॉडक्शनला बोंब झाली की आपण जे करतो तेच मी केलं: मुळापासून इतिहास काढायला बसलो. तीन-चार वीकांत त्यात गेले. हा लेख म्हणजे त्याचा विदा.

पण आधी राणीबद्दल सांगायला हवं.

जुलै २०२४ मध्ये, धो धो पावसात, खारकोपर स्टेशनच्या रस्त्याला एका बांधकामाच्या प्लॉटवर सिमेंटच्या पाइपात पाच पिल्लं झाली. बग्या त्यातला एक. साधारण सहा आठवड्यांचा असताना मी त्याला उचलून घरी आणला. उरलेल्या चारांपैकी एक डंपरखाली गेलं. दोन एकाच आठवड्यात रक्ताची हगवण लागून गेली. उरली ती राणी. तिला जवळच्या टपरीवरच्या मावशींनी ठेवलं. म्हणजे टपरीखाली पोतं टाकलं आणि उरलेली खारी द्यायला लागल्या.

आता बघा, एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली दोन पिल्लं. एक सातव्या मजल्यावर, टाइल्सवर, इम्पोर्टेड खाण्यावर आणि क्लासमध्ये. दुसरं टपरीखाली. नऊ महिन्यांनी राणीला 'सिट' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण उरण लोकल सुटल्यावर जिन्यावरून उतरणाऱ्या शे-दीडशे माणसांत ती मजेत पसरलेली असायची. हेल्मेटवाले, छत्रीवाले, काठी टेकणारे आजोबा, शाळेची पोरं, गणपतीतला ढोल, एअरपोर्टचे डंपर, तिला सगळं सारखंच. तिच्यावरून कुणी उडी मारून गेला तरी एक डोळा उघडून बघायची आणि मिटायची. बग्याला या जगातली कुठलीही गोष्ट खपत नव्हती, आमचा हॉल सोडून. आमच्या धंद्यात याला म्हणतात, "माझ्या मशीनवर तर चालतंय!"

मावशी माण तालुक्यातल्या, सातारा जिल्हा. मी त्यांना सगळं प्रकरण सांगितलं तर त्यांनी चहा गाळता गाळता विचारलं, "क्लासात काय शिकीवलं?" मी यादी सांगितली. त्या म्हणाल्या, "पढीवलंय व्हय. माणसाळवलं न्हाई."

ही दोन क्रियापदं मला आधीच आठवायला हवी होती. पढवतात पोपटाला. माणसाळतं ते जनावर. इंग्रजीतला 'सोशलायझेशन' हा जड शब्द मी तीन महिने जालावर वाचत होतो, आणि त्याला आपल्याकडे केव्हाचा चालू शब्द आहे हे टपरीवर कळलं.

पढवण्याचा इतिहास त्यामानाने ताजा आहे, आणि तो जवळजवळ सगळा गणवेशातला आहे. कुत्र्याला पद्धतशीर शिकवण्याचं आधुनिक काळातलं पहिलं गाजलेलं पुस्तक लिहिलं कोनराड मोस्ट या जर्मन पोलिस अधिकाऱ्याने, १९१० साली. पोलिस आणि लष्कराच्या कुत्र्यांसाठी. कधी शाबासकी द्यायची, कधी पट्ट्याला झटका द्यायचा, सवय कशी लागते, हे त्याने इतकं नेमकं मांडलंय की प्रयोगशाळेतल्या मानसशास्त्राला तिथे पोचायला अजून काही वर्षं लागली. (पावलोव्हला नोबेल १९०४ मध्येच मिळालं होतं, पण ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. घंटा आणि लाळ ही कीर्ती नंतरची.) पुढे दोन महायुद्धं झाली, हजारो कुत्री सैन्यात गेली, आणि त्यांना शिकवणारी माणसं युद्ध संपल्यावर घरी आली. त्यातल्या अनेकांनी कुत्रा-क्लास काढले. मोस्टच्या पद्धतीत गळ्याला झटका हा मुख्य भाग, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला झटके देता येत नाहीत. त्याची मान टिकणार नाही. म्हणून पिल्लू सहा महिन्यांचं झाल्याशिवाय क्लासला घ्यायचं नाही, असा दंडक पडला. झटके पुढे कमी झाले, पण वयाची अट तशीच राहिली. लेगसी कोडमध्ये असतं ना, का लिहिलंय कुणाला माहीत नाही पण काढायची कुणाची हिंमत नाही, तसं.

घरगुती कुत्र्यांसाठी या प्रकाराला प्रतिष्ठा दिली ती मात्र एका बाईंनी. हेलन व्हाइटहाउस वॉकर यांच्याकडे पूडल होते, आणि पूडल म्हणजे नुसती शोभेची बाहुली अशी थट्टा लोक करायचे. बाईंनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे आज्ञापालनाची स्पर्धाच भरवली. आठ कुत्री आली होती. आज जगभर 'ओबीडियन्स' नावाने जे चालतं त्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे फ्रिजवरच्या माझ्या सर्टिफिकेटचे आजोबा एक जर्मन पोलिस आणि आजी एक चिडलेली पूडल-मालकीण. मजा आहे.

आपल्याकडेही कुत्र्यांचं शिक्षण वर्दीतूनच आलं. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ सालचं, सुरुवात डॉबरमनपासून. आणि पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, त्याचा सगळ्यात नामवंत विद्यार्थी म्हणजे झंजीर. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हे नाव फक्त बच्चनचं वाटतं. हा झंजीर सोनेरी लॅब्रेडोर, नाव पिक्चरवरूनच ठेवलेलं. जन्म ७ जानेवारी १९९२. पुण्यात शिकून तो २९ डिसेंबर १९९२ ला मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात रुजू झाला. वय वर्षं एक सुद्धा पूर्ण नाही. आणि अडीच महिन्यांत, १२ मार्च १९९३ ला, शहर हादरलं. बारा स्फोट, २५७ मृत्यू. तीन दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटकं झंजीरने हुंगून दाखवली. त्या काळात मुंबई, ठाणे आणि मुंब्र्यातून मिळून ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं शोधल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. १६ नोव्हेंबर २००० ला हाडांच्या कॅन्सरने तो गेला, तेव्हा त्याला पोलिसांनी मानवंदना देऊन निरोप दिला. पार्थिवावर फुलं वाहणाऱ्या अधिकाऱ्याचा तो फोटो तुम्ही पाहिलेला असणार.

धनजी स्ट्रीट ज्याने बघितलाय त्याला कळेल मी का थांबलोय इथे. झवेरी बाजारच्या त्या गल्लीत मार्च १९९३ मध्ये, स्फोटांनंतर तिसऱ्या दिवशी, चौदा महिन्यांच्या कुत्र्याने काय काय ऐकलं, पाहिलं, हुंगलं असेल? सायरन, गर्दी, अनोळखी बूट, हातगाड्या. त्यातून त्याला नाकातला एक वास वेगळा काढायचा होता. घाबरलेलं कुत्रं हुंगत नाही. (बग्यावर प्रयोग करून खात्री केली आहे. घाबरला की तो चिकनसुद्धा ओळखत नाही.) म्हणजे झंजीरला पढवलं उत्तम होतंच, पण त्याच्याही आधी त्याला जग सवयीचं झालेलं होतं. बातम्यांत पढवण्याचं कौतुक येतं. माणसाळणं दिसतच नाही, ते नसलं की मग कळतं.

मावशींच्या माणदेशात हे काम कुणी क्लासात शिकलेलं नाही. "आमच्याकडं कुत्र्याला कोण शिकीवतंय? पिल्लू डोळं उघडलं की मेंढरांत टाकायचं. त्येला वाटतं आपुन बी मेंढरूच." दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणाऱ्या धनगरांचे कळप तुम्ही पाहिले असतील, घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढ्या आणि कडेने चालणारी ती उंच, गंभीर कुत्री. ती कुणाची आज्ञा पाळताना दिसत नाहीत. कळपाबरोबर असतात, बस.

मला हे ऐकून थोडं हसू आलं होतं. मग दोन दिवसांनी डार्विनच्या 'बीगल'च्या प्रवासवर्णनात जवळपास हेच सापडलं. १८३३ साली आजच्या उरुग्वेमध्ये त्याला मैलोन्‌मैल माणसाशिवाय मेंढ्यांचे कळप दिसले, राखणीला फक्त एकदोन कुत्री. त्याने चौकशी केली. पिल्लू लहान असतानाच आईपासून काढतात, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीचं दूध पाजतात, मेंढवाड्यात लोकरीचं अंथरूण करून देतात, आणि इतर कुत्र्यांत किंवा घरच्या पोरांत मिसळू देत नाहीत. मोठं झाल्यावर ते कळप सोडून जातच नाही. माणदेश ते उरुग्वे, दोन्हीकडच्या मेंढपाळांना एक गोष्ट पक्की माहीत होती: कुत्र्याच्या लहानपणी एक दार उघडं असतं, आणि तेव्हा जे आत येतं ते त्याचं घरचं होतं.

ते दार कधी बंद होतं हे मोजलं अमेरिकेत. मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावात जॅक्सन लॅबोरेटरी आहे. (मुख्यतः उंदरांसाठी प्रसिद्ध.) तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बासेन्जी, बीगल, कॉकर स्पॅनियल वगैरे पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचं पुस्तक १९६५ सालचं. पण मला हलवून गेला तो तिथलाच, १९६१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा छोटासा पेपर.

प्रयोग असा. उंच कुंपण घातलेल्या मोठ्या मैदानात पिल्लं त्यांच्या आईबरोबर वाढवली, माणसाचा संपर्क होणार नाही अशी व्यवस्था करून. मग काही पिल्लं दुसऱ्या आठवड्यात आत आणली, काही तिसऱ्या, काही पाचव्या, सातव्या, नवव्या. प्रत्येकाला फक्त एक आठवडा, रोज थोडा वेळ माणसाबरोबर खेळायला दिलं आणि परत मैदानात सोडलं. काही पिल्लं मात्र कधीच आणली नाहीत, ती थेट चौदाव्या आठवड्यात. तेव्हा सगळ्यांची परीक्षा घेतली. मधल्या वयात, विशेषतः पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान, माणूस भेटलेली पिल्लं ठीक निघाली. एकच आठवडा मिळाला होता, तरी. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं रानटी जनावरासारखी लांब पळत होती, पट्टा लावला तर अंग टाकत होती. त्यातल्या एकाला पुढे तीन महिने रोज कुरवाळलं, प्रेम केलं. फरक पडला, पण किरकोळ.

तो शेवटचा भाग मी रात्री दीडला वाचला. बग्या पायाशी झोपला होता. तीन महिने, आणि किरकोळ.

अर्थात बग्या काही कुंपणातला नव्हता. त्याने आम्हाला पाहिलं होतं, दूधवाल्याला पाहिलं होतं, आणि पहिले सहा आठवडे रस्त्यावरच काढले होते. पण सहा ते अठरा आठवडे त्याने तीन माणसं आणि एक बाल्कनी पाहिली. हेल्मेट नाही, लहान मूल नाही, लिफ्ट नाही. अठराव्या आठवड्यात क्लास सुरू झाला. तोही एका रिकाम्या मैदानात, सकाळी सहाला. का, तर डिस्टर्बन्स नको!

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सॅन राफेलच्या संस्थेत अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनाही हाच धडा मिळाला. त्यांची पिल्लं चाचण्या पास झाल्यावर गावातल्या कुटुंबांत वाढायला जायची. जी चाचणीनंतर लगेच गेली ती पुढे बहुतेक पास झाली. जी तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ केनेलमध्येच राहिली त्यातली बहुतेक नापास. तीच जात, तेच आईबाप, तेच ट्रेनर. फरक काही आठवड्यांचा. पुस्तक १९६३ चं आहे. म्हणजे ज्ञान साठ वर्षं जुनं. मग ते माझ्यापर्यंत, २०२४ मध्ये, एवढं इंटरनेट हाताशी असताना, का पोचलं नाही?

एक कारण वर आलंच, सहा महिन्यांचा दंडक. दुसरं कारण विषाणू.

१९७८ साली जगात कुत्र्यांचा एक नवा रोग आला: पार्वो. मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या भाऊबंदातून निघालेला, आणि एकदोन वर्षांत अनेक खंडांत पसरलेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही पोचला. उलट्या, रक्ताची हगवण, आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आजारी कुत्रं तिथून कधी गेलं हे कुणाला माहीतसुद्धा नसतं. तेव्हा जगभरच्या पशुवैद्यांनी जे सांगितलं ते चुकीचं कसं म्हणायचं? लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू खाली उतरवू नका. लसींचा शेवटचा डोस येतो साधारण सोळाव्या आठवड्यात. आणि दार बंद होतं बाराव्या-चौदाव्या आठवड्यात. दोन्ही तारखा कॅलेंडरवर शेजारी लिहून बघा. एका डिपार्टमेंटची डेडलाइन दुसऱ्याच्या रिलीजनंतर, आणि मीटिंग कुणी लावलीच नाही.

इथे राणीच्या बाजूने फार बोलायचा मोह होतो. तो मी आवरतोय. कारण ती दोन पिल्लं, ज्यांना मावशी 'गॅस्ट्रो झालं' म्हणाल्या, ती बहुधा पार्वोचीच. डॉक्टरांनी लक्षणं ऐकून तेच सांगितलं. पाच पिल्लांच्या रस्त्यावरच्या शाळेत तीन मेली आणि एक राणी झाली. एवढी फी भरून मी बग्याला त्या शाळेत घातला नसता. आजही घालणार नाही. "पूर्वी कुठे होते क्लास, कुत्री आपोआप शिकायची" असं म्हणणाऱ्या काकांना मेलेली पिल्लं मोजायची सवय नसते, इतकंच.

यातून वाट काढली इयन डनबर या माणसाने. मूळ इंग्लंडचा पशुवैद्य, कॅलिफोर्नियात बर्कलीला कुत्र्यांच्या वागणुकीवर संशोधन करत होता. त्याने मॅलम्यूटचं पिल्लू आणलं आणि त्याला घेईल असा क्लासच मिळेना, सगळीकडे सहा महिन्यांची अट. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने स्वतःच पिल्लांचा वर्ग काढला. पट्टा नाही, झटके नाहीत, खाऊ आहे. पिल्लं एकमेकांत लोळतायत, माणसं जागा बदलून एकमेकांची पिल्लं हातात घेतायत, आणि मध्येच 'बस' पण शिकवलं जातंय. म्हणजे पढवणं आणि माणसाळणं एकाच तासात. त्याचा सल्ला प्रसिद्ध आहे: पिल्लू तीन महिन्यांचं व्हायच्या आत त्याने शंभर माणसं पाहिलेली असावीत. त्यासाठी ते रस्त्यावर उतरवायचीही गरज नाही, माणसं घरी बोलवा, चपला बाहेर काढायला लावा. (हे वाचून मी हताश हसलो. चपला बाहेर काढायची सक्ती आमच्याकडे आधीपासूनच होती. माणसं बोलवायची तेवढी राहिली.) पुढे २००८ साली अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने लेखीच सांगितलं की पहिल्या लसीनंतर आठवड्याभराने, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागेतल्या वर्गात नेता येतं, सगळे डोस संपायची वाट बघू नका. तीन वर्षांखालची कुत्री रोगापेक्षा वागणुकीपायी जास्त मरतात, हे त्यांचं कारण. कशी, ते सोसायटीचं पत्र हातात असताना मला समजावून सांगायची गरज नव्हती. आधी घरातून जातात, मग निवाऱ्यात, मग पुढे.

पण बर्कलीचा सल्ला उलव्यात जसाच्या तसा बसत नाही. तिकडे रस्त्यावर मोकळी कुत्री नाहीत आणि माणसांच्या मनात रेबीज नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत, आणि त्यावरून भांडणं आजची नाहीत. जून १८३२ मध्ये मुंबईच्या कोटात या विषयावर दंगल झाली होती. सरकारने मोकाट कुत्री मारायला दर कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. शिपाई आठ आण्यांसाठी घराघरांतली कुत्री ओढून न्यायला लागले, आणि पारशी समाज, ज्यांच्या अंत्यविधीतही कुत्र्याला मान आहे, रस्त्यावर उतरला. दुकानं बंद, सैन्य बाहेर. जवळपास दोनशे वर्षं झाली. आता मारणं बंद होऊन नसबंदीचे नियम आलेत, २००१ चे आणि नंतर २०२३ चे. पकडा, नसबंदी करा, लस द्या, जिथून नेलं तिथेच सोडा. राणीच्या कानाला त्याची खाच आहे. आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १८३२ अजून चालूच आहे, फक्त सैन्य येत नाही.

म्हणून इथल्या पिल्लाला माणसाळवायचं म्हणजे निम्मं काम माणसांकडचं असतं. लिफ्टमध्ये भिंतीला चिकटून उभ्या राहणाऱ्या माणसाला कुत्रं बरोबर ओळखतं. त्या माणसाचं तरी काय चुकतं? त्याला लहानपणी कुणी हेल्मेटवाल्या कुत्र्याची ओळख करून दिली नव्हती :)

असो. बग्याचं काय झालं ते सांगतो.

पत्राला मी उत्तर दिलं. लिफ्ट वापरणार नाही, सार्वजनिक जागेत तोंडाला जाळी बांधीन, तीन महिन्यांनी बघा. सेक्रेटरी काका समजूतदार निघाले, आणि मुलाच्या आईने आश्चर्यकारकरीत्या विरोध केला नाही. क्लास मी बंद केला. चांगल्यासाठी की वाईटासाठी माहीत नाही; 'सिट'चा उपयोग आजही होतोच. पण तो वेळ दुसरीकडे लावला. रोज संध्याकाळी बामणडोंगरी स्टेशनच्या अलीकडे, गर्दीपासून चांगलं शंभर पावलं लांब, आम्ही दोघं बसायचो. लोकल आली, माणसं उतरली, चिकनचा तुकडा. काही शिकवायचं नाही. नुसतं बसायचं. दोन आठवड्यांनी नव्वद पावलं. पावसाळा मध्ये आला तेव्हा परत शंभर. दिवाळीच्या फटाक्यांनी आम्हाला थेट घरात पाठवलं, पलंगाखाली. मग २५ डिसेंबर २०२५ ला एअरपोर्टवरून विमानं सुरू झाली आणि मला वाटलं आता संपलं. पण विमानाचं बग्याला काहीच वाटलं नाही. एकदा वर बघितलं आणि पुन्हा चिकनकडे. पाइपात असताना त्याने एअरपोर्टचे डंपर आणि खोदकाम पुरेसं ऐकलं असावं. तेवढं एक दार सिडकोने उघडं ठेवलं होतं म्हणायचं.

आता आम्ही चाळीस पावलांवर आहोत. मावशींकडे चहाला जातो, तिथे राणी बग्याच्या अंगावर पाय टाकून झोपते आणि हा गंभीर चेहऱ्याने रस्त्याकडे बघत बसतो. माणूस जवळ आला की तो राणीकडे बघतो. ती हलली नाही तर हाही हलत नाही.

पाचव्या मजल्यावरच्या मुलाने स्वतःचं जुनं हेल्मेट आम्हाला दिलंय. गेले दोन महिने बग्या त्यातच जेवतो. मात्र तेच हेल्मेट डोक्यावर घालून पोरगा जिन्याच्या खालच्या टोकाला उभा राहिला, की बग्या वरच्या टोकाला थांबतो आणि पुढे येत नाही. गुरगुरत नाही आता, पण येतही नाही. पोरगं तिथूनच त्याला हात करतं. लिफ्ट आम्ही अजून वापरत नाही. सात मजले, दिवसातून तीन वेळा. माझं चार किलो वजन उतरलंय.